क्रेमर की लोप, हे ठरवण्याआधी

ताई, तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिलंय. मुलगा दहावीत आहे. एकसामयिक समीकरणं, म्हणजे दोन अनोळखी संख्यांविषयीची दोन समीकरणं, क्रेमरच्याच पद्धतीनं सोडव, म्हणजे सगळं साच्यात बसतं, असं त्याला क्लासमध्ये सांगितलंय. तरी तीन गणितांमागे एक चुकतं. कधी मध्येच ० = ० येतं, तेव्हा तो सगळं खोडून पहिल्यापासून सुरू करतो. लोप (एक अनोळखी संख्या घालवणं), आलेख आणि क्रेमर यांतली कोणती एक पद्धत पक्की करून घेऊ, हा तुमचा प्रश्न. आणि त्यानंतरचं वाक्य असं: शाब्दिक उदाहरण आलं की तो पेन खाली ठेवतो.

मी २६ वर्षं सांगली जिल्ह्यात नववी-दहावीला गणित शिकवतोय. पेन खाली ठेवणारी बरीच मुलं मी पाहिली आहेत आणि त्यांतल्या फार थोड्यांची अडचण पद्धतीची होती. त्यांना दोन समीकरणं म्हणजे सहा आकडे भरायचे सहा रकाने वाटतात. क्ष आणि य या एकाच जोडीविषयी कुणीतरी दोन खऱ्या गोष्टी सांगितल्या आहेत, एवढं साधं त्यांच्यापर्यंत पोचलेलंच नसतं. तुमच्या मुलाचंही तसंच असेल असं वाटतं, पण मी त्याची वही पाहिलेली नाही. म्हणून आधी घरी एक छोटी चाचणी घ्या.

त्याला तोंडी विचारा: दोन संख्यांची बेरीज १४ आहे, फरक ४ आहे, संख्या कोणत्या? कागद द्यायचा नाही. तो थोडं चाचपडत ‘दहा आणि चार... नाही, फरक सहा येतोय... नऊ आणि पाच’ असं म्हणाला तर काळजी नको. त्याची समज शाबूत आहे, चूक फक्त चिन्हांत आणि घाईत आहे. खाली मी चिन्हांबद्दल लिहिलंय तेवढं त्याला पुरेल. पण ‘कागद दे, डी काढतो’ (डी हा क्रेमरच्या साच्यातला आकडा) असं म्हणाला तर मात्र सगळंच सावकाश वाचा.

एक खुलासा आधी करतो. त्याच्या पुस्तकात चलांसाठी, म्हणजे अनोळखी संख्यांसाठी, इंग्रजी अक्षरं आहेत, मी आपली जुनी क्ष आणि य वापरतोय.

एका टपरीवर दोन वडापाव आणि एक चहा यांचे ५० रुपये झाले. शेजारच्या बाकावरच्या मंडळींनी दोन वडापाव आणि तीन चहा घेतले, त्यांचे ७० झाले. चहा केवढ्याला? सातवीतलं पोरही सांगतं की वडापाव दोघांचे सारखेच, दुसऱ्यांनी दोन चहा जास्त घेतले आणि वीस रुपये जास्त दिले, म्हणजे चहा १० रुपयांना. मग वडापाव २० रुपयांना. या पोरानं काय केलं? दुसऱ्या समीकरणातून पहिलं वजा केलं आणि वडापावच्या चलाचा लोप केला. त्याला त्या क्रियेचं नाव तेवढं माहीत नाही.

‘समीकरण २ मधून समीकरण १ वजा करून’ हे वाक्य मुलं वर्षभर लिहितात. असं वजा करायची परवानगी कुठून आली, हे मात्र विचारलं की वर्ग गप्प होतो. ती परवानगी टपरीवरून आलेली आहे. दोन्ही बिलं खरी असतील तर त्यांचा फरकही खराच असणार, बेरीजही खरी, दुप्पटही खरी. लोप पद्धतीत याच्यापलीकडे काही नाही. दोन खऱ्या गोष्टींतून आपण अशी तिसरी खरी गोष्ट तयार करतो, जिच्यात एक अनोळखी माणूस हजरच नाही. दोन अनोळखी एकदम ओळखता येत नाहीत, एक येतो.

आता जरा अवघड बिलं. तीन वडापाव आणि दोन चहा ८० रुपये, दोन वडापाव आणि तीन चहा ७० रुपये. इथं काहीच सारखं नाही. मी वर्गात विचारतो, मग सारखं कसं करायचं? कुणीतरी म्हणतंच की पहिल्यांनी सगळं दुप्पट घेतलं असतं तर? सहा वडापाव, चार चहा आणि बिल १६०. दुसऱ्यांनी तिप्पट घेतलं तर सहा वडापाव, नऊ चहा, बिल २१०. पाच चहांचे ५० रुपये जास्त. ही गोष्ट एकदा अशी ऐकली की एक फार जुनी चूक आपोआप नाहीशी होते: डावी बाजू दोनानं गुणायची आणि उजवीकडची स्थिर संख्या तशीच सोडायची, ती चूक. माल दुप्पट घेतला आणि बिल तेवढंच राहिलं, असं कुणी म्हणत नाही.

टपरीच्या उदाहरणात एक धोका आहे. मुलं ‘क्ष म्हणजे वडापाव’ असं लिहायला लागतात. ते तिथल्या तिथं थांबवा. क्ष म्हणजे वडापाव नव्हे, एका वडापावची रुपयांतली किंमत. क्ष ही नेहमी संख्या असते. हा फरक बारीक वाटतो, पण ‘मुलांची संख्या मुलींच्या दुप्पट आहे’ हे वाक्य २ × मुलं = मुली असं उलटं लिहिलं जातं ते अक्षर म्हणजे वस्तू समजल्यामुळेच. वहीत पहिली ओळ ‘एका वडापावची किंमत = क्ष रुपये मानू’ अशी पूर्ण हवी. ‘वडापाव = क्ष’ दिसलं तर मी पुढचं वाचत नाही, वही परत देतो.

आता चिन्हं. त्याची तीनांतली एक चूक बहुतेक इथलीच आहे. ही जोडी पाहा:

३क्ष − २य = १८
३क्ष + ४य = ०

वजा केल्यावर −६य = १८, म्हणजे य = −३ आणि क्ष = ४. घाईत मात्र मुलं −२ आणि ४ समोरासमोर पाहून २य लिहून मोकळी होतात आणि य = ९ येतो. कारण अगदी सरळ आहे: वजाबाकी करताना खालच्या ओळीतल्या प्रत्येक पदाचं चिन्ह मनात बदलायचं असतं, आणि मन एखादं पद विसरतं. मी गेली काही वर्षं मुलांना सांगतो की समीकरणांची वजाबाकी करूच नका. खालचं समीकरण −१ नं गुणून एक नवी, पूर्ण ओळ लिहा, −३क्ष − ४य = ०, आणि मग बेरीज करा. एक ओळ जास्त जाते, वीस सेकंद जातात. ज्या मुलांनी हे मनापासून केलं त्यांच्या चिन्हांच्या चुका माझ्या डोळ्यांदेखत कमी झाल्या. चिन्हं ओळीखाली पेन्सिलीनं छोटी काढून बदलायची पद्धतही चालते, पण ती टापटीप वहीवाल्यांना जमते. ज्याची वही गिचमिड असते त्याच्या त्या खुणा वरच्या आकड्यांत मिसळतात.

आणि ताळा. उत्तर आल्यावर ते मूळ दोन्ही समीकरणांत ठेवून पाहायचं, मधल्या कुठल्या तरी ओळीत नाही. मधली ओळच चुकलेली असेल तर तिथं ताळा बरोबर जुळतो आणि मुलगा निर्धास्त होतो. दोन्हींत पाहायचं, कारण एकाच समीकरणात बसणाऱ्या जोड्या असंख्य असतात.

क्रेमरकडे येऊ. गॅब्रिएल क्रेमर हा जिनिव्हाचा गणितज्ञ, त्यानं हा नियम १७५० साली छापला. नियम सुंदर आहे आणि मला त्याबद्दल काही तक्रार नाही. तक्रार आहे ती लोप न समजता थेट क्रेमरला हात घालण्याबद्दल. हे उदाहरण त्याच्याकडून दोन्ही पद्धतींनी, एकाच पानावर, शेजारी शेजारी करून घ्या:

५क्ष + ३य = ९
२क्ष + ४य = −२

लोप पद्धतीत य घालवायचा आहे. पहिलं ४ नं गुणलं: २०क्ष + १२य = ३६. दुसरं ३ नं गुणलं: ६क्ष + १२य = −६. वजाबाकी केली: १४क्ष = ४२. म्हणून क्ष = ३.

आता निश्चयक काढा, म्हणजे क्ष आणि य च्या सहगुणकांचे (त्यांच्या मागच्या आकड्यांचे) तिरके गुणाकार करून वजाबाकी करा. डी म्हणजे ५ × ४ वजा ३ × २, म्हणजे १४. डी-क्ष मध्ये क्ष च्या सहगुणकांच्या जागी उजवीकडचे आकडे येतात: ९ × ४ वजा ३ × (−२), म्हणजे ३६ + ६ = ४२. क्ष म्हणजे डी-क्ष भागिले डी. पुन्हा तेच १४ आणि तेच ४२. त्याला विचारा, हे कसं काय झालं? त्याला दोन मिनिटं बघू द्या. निश्चयकातला २० कुठून आला, ६ कुठून आला, हे तो लोपाच्या ओळींत बोटानं दाखवेल. क्रेमरचा नियम म्हणजे लोपच आहे, फक्त एकदाच सगळ्यांसाठी करून ठेवलेला. (य साठी डी-य = −२८ येतं, म्हणून य = −२.) हे एकदा दिसलं की तिरका गुणाकार आधी कुठला, नंतर कुठला, हे पाठ करण्याची धडपड संपते.

क्रेमर वापरताना दोन ठिकाणी घात होतो. एक, समीकरण आधी क्रमानं मांडलेलं नसतं. २क्ष = ७ − ३य असं दिलं असेल तर ते २क्ष + ३य = ७ करून घेतल्याशिवाय एकही आकडा निश्चयकात जाता कामा नये. दुसरं, ऋण संख्येचा गुणाकार आणि मधलं वजा चिन्ह एकत्र येतं तेव्हा, वर ३६ + ६ झालं तसं. तिथं कंस लिहायलाच हवा, मनात ठेवून चालत नाही.

इथं माझी स्वतःची एक चूक सांगतो, कारण तुमच्या मुलाला आज जे सांगितलं जातंय ते मीही सुरुवातीच्या वर्षांत सांगत होतो. साचा दिला, मुलांना गुण पडले, मी खूश होतो. पुढे त्यांतली काही मुलं अकरावीत गेल्यावर भेटायला आली आणि म्हणाली, सर, तीन चलं आली की काहीच सुचत नाही. तीन चलांना क्रेमरनं चार निश्चयक लागतात, तेही तीन ओळींचे. दहा चलं असतील तर एकेका निश्चयकाच्या विस्तारात ३६,२८,८०० पदं येतात. लोपाला मात्र दोन चलं काय, दहा काय, कृती तीच: एकेक अनोळखी कमी करत जायचं. आज संगणकही मोठ्या समीकरणसंचांना लोपानंच हात घालतात. त्या रीतीला जर्मन गणितज्ञ गाउसचं नाव आहे, पण सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या चिनी गणितग्रंथात, काड्या मांडून, हेच केलेलं आहे. तेव्हापासून मी क्रम बदलला. दिवाळीपर्यंत उजळणीला फक्त लोप, क्रेमर नंतर.

आता ते खोडलेलं ० = ०. दोन वडापाव आणि एक चहा ५० रुपये. दुसरं बिल चार वडापाव आणि दोन चहा, १०० रुपये. पहिल्याची दुप्पट करून वजा केलं की ० = ०. यात चूक कुठंच नाही. दुसऱ्या बिलानं नवीन काही सांगितलंच नाही, तेच दुप्पट करून सांगितलं. वडापाव २० आणि चहा १० हे बसतं, वडापाव १८ आणि चहा १४ हेही बसतं. उकली असंख्य. आलेख काढला तर एकावर एक पडलेली एकच रेषा दिसेल. आणि दुसरं बिल ११० रुपयांचं असतं तर? मग ० = −१० येतं. म्हणजे दोन्ही बिलं एकाच भावानं लावलेली नाहीत, या जोडीला उकल नाही, रेषा समांतर आहेत. क्रेमरच्या मांडणीत या दोन्ही ठिकाणी डी शून्य येतो आणि शून्यानं भागायची वेळ येते. तिथं मुलं घाबरून ० नाहीतर १ लिहून टाकतात. खरं तर डी शून्य येणं ही माहिती आहे: ही दोन समीकरणं मिळून एकच ठरावीक जोडी सांगू शकत नाहीत.

पण ० = ० नेहमी गणिताचंच म्हणणं असतं असं नाही, कधी ती आपल्याच हातची चूक असते. समजा त्यानं २क्ष + य = ५० वरून य = ५० − २क्ष काढलं आणि ती किंमत पुन्हा त्याच समीकरणात ठेवली. ० = ० येणारच, कारण एकाच साक्षीदाराला त्याचंच म्हणणं विचारलं. तेव्हा खोडण्याआधी त्यानं एवढंच बघावं: किंमत कुठल्या समीकरणातून काढली आणि कुठल्यात ठेवली? दोन वेगळी असतील तर ० = ० वर विश्वास ठेवायचा आणि तसं लिहायचं.

आलेखाबद्दल थोडक्यात. आलेख हा उकल *दिसण्यासाठी* उत्तम आहे, काढण्यासाठी बेताचाच. एक रेषा म्हणजे पहिलं विधान खरं करणाऱ्या सगळ्या जोड्या, दुसरी म्हणजे दुसरं खरं करणाऱ्या, आणि छेदनबिंदू म्हणजे दोन्ही खरं करणारी एकमेव जोडी. हे समजायला एक आलेख मन लावून काढला की पुरे. रेषेला दोन बिंदू पुरतात, तरी तिसरा काढायला लावा, तोच ताळा असतो. मर्यादा पाहायची असेल तर क्ष + य = १० आणि १०क्ष + ११य = १०४ घ्या. उत्तर ६ आणि ४. आता १०४ च्या जागी १०३ करा, उत्तर ७ आणि ३ होतं. उजवीकडे शंभरात एकाचा फरक, आणि उत्तर पूर्ण एकानं सरकलं. या दोन रेषा जवळजवळ एकमेकींवर पडतात, पेन्सिलीच्या टोकानं त्यांचा छेद नेमका सांगता येत नाही. म्हणून आलेख सांगितला असेल तेव्हाच, आणि काढला तरी उत्तराचा ताळा आकड्यांनीच.

आता मुख्य दुखणं, शाब्दिक उदाहरण. यावर माझा एकच उपाय आहे आणि तो थोडा उलटा वाटेल: समीकरण मांडायच्या आधी चुकीचं उत्तर ठोकून द्यायचं आणि त्याचा ताळा पाहायचा.

भास्कराचार्यांच्या बीजगणितात, म्हणजे ११५० सालच्या ग्रंथात, दोन मित्रांचं एक कोडं आहे. पहिला म्हणतो, ‘मित्रा, तू मला शंभर दे, मग माझ्याकडे तुझ्या दुप्पट धन होईल.’ दुसरा म्हणतो, ‘तूच मला दहा दे, मग माझ्याकडे तुझ्या सहापट होईल.’ प्रत्येकाकडे किती?

वर्गात मी म्हणतो, समजा पहिल्याकडे १०० आणि दुसऱ्याकडे २००. बरोबर आहे का ते तपासा. दुसऱ्यानं शंभर दिले. पहिल्याकडे १०० + १०० = २००. दुसऱ्याकडे २०० − १०० = १००. दोनशे ही शंभरची दुप्पट. जुळलं! वर्गात आनंद होतो. थांबा, अजून दुसरा बोलायचा आहे. पहिल्यानं दहा दिले. दुसऱ्याकडे २०० + १० = २१०. पहिल्याकडे १०० − १० = ९०. नव्वदची सहापट ५४०. २१० आणि ५४० जुळत नाहीत. उत्तर चूक.

आता फळ्यावरच्या त्या ताळ्यात जिथं जिथं सुरुवातीचे १०० आले, तिथं क्ष लिहायचं, आणि जिथं सुरुवातीचे २०० आले, तिथं य. फक्त कुठले शंभर पहिल्याच्या खिशातले आणि कुठले मागितलेले, हे नीट बघायचं. मागितलेले शंभर तसेच राहतात.

क्ष + १०० = २(य − १००)
य + १० = ६(क्ष − १०)

समीकरणं मांडून झाली. मुलांना वाटत होतं मांडणी ही काहीतरी वेगळी विद्या आहे. ती ताळ्याचीच कृती असते, आकड्यांच्या जागी अक्षरं घातलेली. आकडे तपासता येतात तर समीकरण मांडता येतं. ज्या मुलानं क्ष + १०० = २य लिहिलं असतं, म्हणजे घेणाऱ्याकडे वाढवले पण देणाऱ्याकडे कमी केलेच नाहीत, त्याची चूक आकडे घालताना आधीच पकडली जाते, कारण खरे पैसे देताना ते खिशातून कमी होतात हे त्याला ठाऊक असतं. आणि एक विधान जुळूनही उत्तर चुकीचं असू शकतं, हेही याच उदाहरणात त्यानं स्वतः पाहिलेलं असतं.

पुढचं सोपं आहे. पहिल्यातून क्ष = २य − ३००. दुसऱ्यातून य = ६क्ष − ७०. य ची ही किंमत पहिल्यात ठेवली की क्ष = १२क्ष − १४० − ३००, म्हणजे ११क्ष = ४४०, क्ष = ४० आणि य = १७०. ताळा: १४० ही ७० ची दुप्पट, १८० ही ३० ची सहापट.

भास्कराचार्यांनी हे कोडं दोन अक्षरांशिवाय सोडवलंय, आणि ती युक्ती मला दर वर्षी नव्यानं आवडते. शंभर दिल्यावर दुसऱ्याकडे जे उरेल तेच त्यांनी अव्यक्त, म्हणजे अनोळखी संख्या, मानलं. मग पहिल्याकडे त्या वेळी त्याची दुप्पट असणार. म्हणजे मुळात पहिल्याकडे दुप्पटीतून शंभर कमी आणि दुसऱ्याकडे अव्यक्तात शंभर जास्त. पहिली अट मांडणीतच पूर्ण झाली! उरली एकच अट, एकच समीकरण, अव्यक्त ७०. अव्यक्त कशाला मानायचं हे आपल्या हातात आहे आणि ते नीट निवडलं की निम्मं काम तिथंच होतं. जिथं अनेक अव्यक्तं लागतात तिथं त्यांनी यावत्तावत्, मग कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावं घेतली आणि त्यांची पहिली अक्षरं, या, का, नी, वापरली. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवानं, चांगदेवानं, मठ स्थापला, त्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणला आहे. सुट्टीत जमलं तर मुलाला घेऊन जा.

वय, दोन अंकी संख्या, नाव आणि प्रवाह, या सगळ्यांना हाच उपाय लावा. प्रत्येकात एक अडखळ ठरलेली असते. वयाच्या गणितात ‘पाच वर्षांपूर्वी’ म्हटलं की दोघांचंही वय कमी होतं. दोन अंकी संख्येत दशकस्थानचा अंक १० नं गुणायचा असतो. नावेत प्रवाहाच्या दिशेनं वेग मिळवायचा, उलट दिशेनं वजा करायचा. खोटे आकडे घालून पाहिलं की हे तिन्ही आपोआप सुचतं. आणि उत्तर आल्यावर ते वाक्यात परत वाचायचं. नोटांची संख्या साडेसात आली तर चूक आकडेमोडीत किंवा मांडणीत आहे, तिथं समीकरणांत ताळा जुळला तरी उपयोग नाही.

मग पद्धत कोणती? प्रश्नात ‘क्रेमरच्या पद्धतीनं’ किंवा ‘आलेखाच्या साहाय्यानं’ लिहिलं असेल तर निवड आपली नाही, तीच वापरायची. म्हणून तिन्ही यायला हव्यात, यात सूट नाही. पद्धत दिली नसेल तेव्हा पेन टेकवण्याआधी दहा सेकंद नुसतं सहगुणकांकडे बघायचं. एखाद्या चलाचा सहगुणक १ असेल तर त्याची किंमत काढून दुसऱ्यात ठेवावी. एका चलाचे सहगुणक सारखे, किंवा सहज सारखे होणारे असतील तर लोप. सहगुणक अदलाबदल झालेले असतील, जसं वर ३, २ आणि २, ३ होतं, तर एकदा बेरीज आणि एकदा वजाबाकी: पाच वडापाव पाच चहा १५० म्हणजे एक-एक मिळून ३०, फरक १०, संपलं. आणि सगळे सहगुणक आडमुठे, एकमेकांशी न जुळणारे असतील तेव्हा क्रेमर खरोखर कामाला येतो. दशांश किंवा अपूर्णांक असतील तर ते आधी घालवायचे, मग निवड. कुठली एक पद्धत पक्की करू असं तुम्ही विचारलं होतं, तर माझं उत्तर लोप. बाकीच्या त्यातूनच उगवतात.

घरी करून घ्यायचं असेल तर रोज वीस मिनिटं पुरेत. त्यालाच गणितं बनवायला लावा. मनात दोन संख्या धरायच्या, एक ऋण असू दे, समजा ३ आणि −२. त्यांच्यावरून दोन समीकरणं तयार करायची आणि तुम्हाला द्यायची. तुम्ही चुकलात तर चूक शोधून द्यायची जबाबदारी त्याची. गणित बनवताना मुलाला कळतं की उत्तर आधी होतं, समीकरणं नंतर आली.

आज रात्री या तीन जोड्या द्या:

२३क्ष + १९य = २७ आणि १९क्ष + २३य = १५
य = ३क्ष − ५ आणि ४क्ष + २य = १०
६क्ष − ४य = १० आणि ९क्ष − ६य = १५

उत्तरं तुमच्यासाठी: पहिलीत २ आणि −१, दुसरीत २ आणि १. तिसरीत दोन्ही समीकरणं मुळात ३क्ष − २य = ५ हीच आहेत. पण तुम्ही उत्तरांपेक्षा त्याच्या हाताकडे बघा. पहिल्या जोडीला तो २३ × २३ करायला लागला तर ‘दहा सेकंद बघ’ एवढंच म्हणा. तिसरीला काहीच बोलू नका. तिथं तो खोडायला न लागता ‘आई, ही दोन्ही एकच आहेत’ असं म्हणाला, तर उद्यापासून थेट शाब्दिक उदाहरणं घ्या, रोज एकच, आणि प्रत्येकाची सुरुवात ठोकून दिलेल्या आकड्यांनी.